हरणाचे नाक आणि बादशहाची शिकार

अबुल फजलची ‘आईन-ए-अकबरी’ आपल्याला शाळेत भेटते ती तोडरमल आणि जमीन महसुलाच्या धड्यात. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या या फारसी ग्रंथात शिकारीवरही प्रकरण आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्हाला त्यात हरणाच्या नाकाचा विचार सापडला.

अकबराला सुगंधाचा मोठा शौक. दरबारात अंबर आणि ऊद दरवळे, सोन्याचांदीच्या धूपदानांत रोज धूप जळे. खुशबूंवर ग्रंथात वेगळे प्रकरणच आहे. पण मैदानात हा थाट कुचकामी. हरीण वाऱ्यावर आलेला माणसाचा वास ओळखते. तो वास अत्तराने झाकायला जावे तर आणखी एका परक्या वासाची भर पडायची! शिकाऱ्यांचा उपाय बिनखर्ची होता. वारा हरणाकडून आपल्याकडे वाहील अशी जागा धरायची.

अबुल फजलने लिहून ठेवलेल्या पद्धतींत हा वारा पुन्हा पुन्हा येतो. ‘बौकारा’ पद्धतीत शिकारी वाऱ्याकडे तोंड करून, एकमेकांपासून बरेच दूर दबा धरत. बाकीचे लोक डोक्यावर पांढऱ्या चादरी फिरवत हरणे त्यांच्याकडे हाकत. ‘ठांगी’ तर मोठी गमतीची. एक जण बोडक्या डोक्याने हरणासमोर वेडेचाळे करी. हरीण कुतूहलाने पुढे येई, तेवढ्यात वाऱ्याच्या विरुद्ध चालत आलेले साथीदार बाण सोडत. चित्त्याच्या ‘मुहारी’ शिकारीत वारा चित्त्याकडे येईल अशा आडोशाला त्याला बसवत आणि त्याला घेऊन आलेली गाडी मुद्दाम उलट दिशेला हाकून नेत. हरीण बिचारे गाडीमुळे गोंधळे. नाकही फसले, डोळेही फसले.

आणखी एक पद्धत ‘रिघनी’. हा शब्द वाचताच मराठी माणसाला ‘रिघणे’ आठवणारच. त्यावर आम्ही व्युत्पत्तीचे इमले बांधणार नाही. पण या नावांना दरबारी फारसीचा वास नाही, रानातल्या बोलीचा आहे, असे आमचे मत आहे. वारा ओळखणारी ही माणसे कोण होती? या पद्धतींच्या वर्णनात त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. विद्या शाही ग्रंथात गेली, विद्यावान बाहेर राहिले. मोगल इतिहास म्हणजे आपल्यापैकी अनेकांना फक्त तख्त आणि तलवार वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चित्त्याकडून काळवीट धरण्याची ही रीत पुढे संस्थानांतही टिकली. कोल्हापूर संस्थानात चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि त्यांत मुसलमान होते. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकारही बंद झाली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये नामिबियाहून आणलेले आठ चित्ते सोडले गेले. त्यांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे होते, सोबत चित्तेवान नव्हता.