अण्णासाहेब किर्लोस्कर आणि नाटकांतील पद

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्याच वर्षीं कर्नाटकांतील गुर्लहोसूर गांवीं बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले.

भाव्यांच्या नाटकांत पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं व पात्रांनीं तदनुरूप अभिनय करून समयोचित भाषण करावयाचें, असा प्रघात होता. शोक रामाचा, परंतु तो गाणारा दुसराच! ही उणीव अण्णासाहेबांनीं दूर केली.

शिक्षणासाठीं ते पुण्यास आले, तों नाटकाच्या नादानें अभ्यास मागें पडला. पुढें बेळगांवास शिक्षकाचें काम केलें, सरकारी नोकरीही पत्करली. पण नाद सुटला नाहीं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत त्यांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. सूत्रधाराची भूमिका त्यांनीं स्वतःच घेतली. मात्र या सूत्रधारानें आपलें गाणें पात्रांच्या स्वाधीन केलें. साकी, दिंडी, कीर्तनांतील व कानडी चाली प्रेक्षकांच्या कानांवरून गेलेल्या असल्यामुळें पदें घरोघर पोंचलीं.

१८८२ सालीं ‘सौभद्र’ आलें. ‘रामराज्यवियोग’ मात्र अपुरेंच राहिलें. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं अवघ्या ४२ व्या वर्षीं अण्णासाहेब निवर्तले.

त्यांच्याच तालमींत तयार झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ सालीं ‘शारदा’ रंगभूमीवर आणलें. पैशाच्या लोभानें जरठाच्या गळ्यांत बांधली जाणारी ती मुलगी आपलें दुःख स्वमुखानें गाऊं लागली, आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस तें ऐकावें लागलें. अण्णासाहेबांनीं पद पात्राच्या मुखीं दिलें, त्याचें हें खरें फळ होय.