दुभाषा आणि जकात नाका: मीडिया गेटवेची गोष्ट

आजचा विषय आहे मीडिया गेटवे. हे यंत्र आपल्यापैकी फार कमी जणांनी पाहिलं असेल. ते टेलिफोन कंपनीच्या खोलीत, कपाटासारख्या रॅकमध्ये असतं. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंटरनेटवरून निघालेला आवाज साध्या फोनवर पोहोचला, तो याच यंत्रातून. मला आज एवढंच सांगायचं आहे, की हे यंत्र बनवणं तुलनेनं सोपं गेलं. ते कोणी लावायचं आणि त्यातून जाणाऱ्या आवाजावर पैसे कोणी घ्यायचे, हा वाद मात्र कितीतरी वर्षं चालला.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. जुन्या टेलिफोनची पद्धत अशी, की तुम्ही नंबर फिरवलात की दोन्ही टोकांमध्ये एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जाते. तुम्ही गप्प बसलात तरी ती तुमचीच. डिजिटल एक्स्चेंज आल्यावर आवाजाचं सेकंदाला 8000 वेळा मोजमाप होऊ लागलं. प्रत्येक मोजमाप 8 बिटांचं, म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला 64 हजार बिट. अशी 30 संभाषणं एका 'ई-वन' वाहिनीत बसतात. भारतातल्या टेलिफोन कंपन्या एकमेकींना जोडल्या गेल्या त्या याच ई-वनच्या हिशेबानं.

इंटरनेटवर राखीव वाट नाही. तिथे माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, सुटे निघतात आणि जमेल त्या रस्त्यानं पोहोचतात. मग गेटवे काय करतो? समजा, एका बाजूनं सलग येणारा आवाज त्यानं 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला, तर सेकंदाला 50 पॅकेट झाली. ती तो पुढे पाठवतो. उलट दिशेनं आलेली पॅकेट थोडी थांबवून, क्रम लावून, पुन्हा सलग आवाज करतो. थोडक्यात, दुभाष्याचं काम.

दुभाष्याला वेळ लागतो, आणि इथेच खरी अडचण होती. साध्या लँडलाइनमध्ये आपल्या आवाजाचा थोडा प्रतिध्वनी परत येतच असतो. तो लगेच येतो म्हणून जाणवत नाही. पॅकेटमुळे उशीर झाला की तोच प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो आणि बोलणारा अडखळतो. म्हणून गेटवेत प्रतिध्वनी पुसण्याची सोय करावी लागली. एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणं सुरळीत चालतात, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. फोनची बटणं दाबल्यावर येणारे सूर आणि फॅक्सची किरकिर यांचाही आवाज आकुंचित केला की बिघाड व्हायचा. त्यांच्यासाठी वेगळे नियम लिहावे लागले.

आता इतिहासाकडे येऊ. पॅकेटमधून बोलणं ही कल्पना इंटरनेटपेक्षाही जुनी. 1974 मध्ये अमेरिकेत आर्पानेटवर दोन प्रयोगशाळांमध्ये असं संभाषण झालं होतं. डॅनी कोहेन हे त्या कामातलं प्रमुख नाव. पण सामान्य माणसाच्या हाती ते आलं फेब्रुवारी 1995 मध्ये, इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीच्या 'इंटरनेट फोन'मुळे. त्यात अट एकच, दोघांकडेही संगणक हवा आणि दोघांनी एकाच वेळी त्यासमोर बसायला हवं. म्हणजे फोनची निम्मी गंमत गेलीच की! ही अट काढायची तर संगणकाचा आवाज साध्या फोनपर्यंत न्यायला हवा. 1996 पासून त्यासाठीचे गेटवे बाजारात येऊ लागले.

पहिले गेटवे सगळं एकट्यानं करायचे. नंबर ओळखणं, जोडणी, हिशेब आणि आवाजाचं रूपांतर, सगळं एकाच पेटीत. लाखो ग्राहकांसाठी हे परवडणारं नव्हतं. म्हणून 1998 च्या सुमारास डोकं आणि हात वेगळे करण्याची कल्पना पुढे आली. निर्णय एका मध्यवर्ती नियंत्रकानं घ्यायचा, आवाज वाहायचं काम मीडिया गेटवेनं करायचं. या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, त्याचे नियम म्हणजे 1999 चा एमजीसीपी आणि 2000 चा मेगाको. गंमत अशी, की मेगाको हा इंटरनेटवाल्यांच्या आणि टेलिफोनवाल्यांच्या मानक-संस्थांनी मिळून लिहिला. तंत्रज्ञांचं जमलं होतं!

जमलं नाही ते पैशाचं. मार्च 1996 मध्येच अमेरिकेतल्या लहान दूरध्वनी कंपन्यांच्या एका संघटनेनं तिथल्या संचार आयोगाकडे अर्ज केला, की इंटरनेट फोनची सॉफ्टवेअर थांबवा. आयोगानं ती मागणी मान्य केली नाही. मात्र 2004 मध्ये त्यानं दोन महत्त्वाचे निर्णय दिले. जी सेवा साध्या फोनला शिवतच नाही, ती टेलिफोन सेवा नाही. पण जिथे कॉल साध्या फोनवरून सुरू होऊन साध्या फोनवरच संपतो आणि फक्त मधला प्रवास इंटरनेटच्या पद्धतीनं होतो, तिथे नेहमीचं शुल्क भरावंच लागेल. म्हणजे दुभाष्याच्या टेबलाशेजारी जकात नाका बसला.

आपल्याकडे तर नाका आधीच होता. 1999 च्या दूरसंचार धोरणानं इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी नाही असं स्पष्ट म्हटलं. 1 एप्रिल 2002 ला ती मिळाली, पण अर्धी. इंटरनेट कंपनीच्या सेवेवर पुण्यातल्या संगणकावरून न्यू जर्सीतल्या साध्या फोनला कॉल लावणं कायदेशीर, आणि त्याच संगणकावरून नाशिकच्या लँडलाइनला लावणं बेकायदा! देशातल्या टेलिफोन जाळ्याला गेटवे जोडायचा नाही, हा तो नियम.

याला निव्वळ मूर्खपणा म्हणू नका. टेलिफोन कंपन्यांनी परवान्यासाठी मोठे पैसे मोजले होते. इंटरनेट कंपन्यांचं शुल्क नाममात्र होतं. शिवाय खेड्यातली लँडलाइन तोट्यात चालायची. तो तोटा भरण्यासाठी 2003 पासून कॉलवर एक अधिभार लागला, आणि परदेशातून येणाऱ्या कॉलवर त्याचा भार जास्त होता. त्यातला मोठा वाटा बीएसएनएलकडे जाई. नाक्यावरच्या पैशातून गावचा फोन चालत होता, असं म्हणा. पण जिथे जकात जड, तिथे चोरवाटा. भाड्याच्या खोलीत गेटवे लावून परदेशी कॉल स्थानिक नंबरवरून पुढे पाठवणारी बेकायदा एक्स्चेंज पोलिसांना सापडू लागली.

ट्रायनं 2008 मध्ये निर्बंध काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. 2017 मध्ये पुन्हा केली. 2018 मध्ये परवान्यातले बदल झाले आणि त्याच जुलैत बीएसएनएलनं 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली. तोवर लोक व्हॉट्सअॅपवर बोलू लागले होते, तेही गेटवेशिवाय.

दरम्यान 2016 मध्ये जिओ आलं. त्याचं जाळं सगळं इंटरनेटच्या पद्धतीचं, पण दुसऱ्या कंपन्यांशी जोडणी ई-वनच्या दारांतूनच. दारं पुरेशी दिली नाहीत म्हणून कॉल लागेनात, अशी तक्रार झाली. ट्रायनं तीन कंपन्यांवर मिळून 3050 कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. आणि एका कंपनीनं दुसरीला कॉल पोहोचवण्यासाठी द्यायचं शुल्क, मिनिटाला 14 पैसे होतं ते ऑक्टोबर 2017 मध्ये 6 पैसे झालं, आणि 1 जानेवारी 2021 पासून देशांतर्गत कॉलसाठी शून्य.

तेव्हा मंडळी, एखादी सोय आपल्यापर्यंत उशिरा पोहोचली की आपण म्हणतो, तंत्रज्ञान नव्हतं. गेटवे 1996 मध्ये होता. नाशिकच्या लँडलाइनला लागायला कायद्याची 22 वर्षं गेली. यातली किती वर्षं गावच्या फोनसाठी गेली आणि किती कंपन्यांच्या नफ्यासाठी, हा हिशेब मांडणं इतिहासाच्या अभ्यासकाचं काम आहे. आज व्हॉट्सअॅपवरून थेट लँडलाइनला कॉल लागत नाही, तिथेही हाच प्रश्न विचारून बघा. आता प्रश्न घेऊ.