बुडबुड्यांचा हिशेब

रंकाळा तलाव म्हणजे करवीरच्या नागरिकांचें संध्याकाळीं फिरावयास जाण्याचें ठिकाण. अशा कोणत्याहि तळ्याच्या संथ पाण्यांत मधूनच एखादा बुडबुडा वर येतो, फुटतो आणि नाहींसा होतो. मनुष्याच्या क्षणभंगुर आयुष्याला त्याची उपमा देण्याचा प्रघात जुना आहे. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें मात्र तो तळाच्या गाळांतून आलेला साक्षीदार होय. त्याची साक्ष नोंदवून घेण्याची खटपट गेलीं अडीचशें वर्षें चालू आहे.

१७७६ च्या नोव्हेंबरांत इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं आलेस्सांद्रो व्होल्टा यानें काठीनें चिखल ढवळला आणि वर आलेले बुडबुडे पाण्यानें भरलेल्या पालथ्या बाटलींत धरले. त्या वायूला ज्योत लावतांच तो निळसर जळाला. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यांतून, हवा न लागतां, निपजणारा हा वायु म्हणजे मिथेन. पुढें बाटलीच्या जागीं पाण्यांत पालथें टांगलेलें नरसाळें आलें, आणि ठराविक वेळांत किती वायु सांचला तें कळूं लागलें.

परंतु नरसाळें केवळ बेरीज सांगतें. बुडबुडे किती आले, केवढे होते, केव्हां आले, याविषयीं तें मुकें असतें. बुडबुड्यांना तर वेळापत्रक नसतें. हवेचा दाब उतरला किंवा पाण्याची पातळी घटली, कीं ते एकदम लोटतात. एरवीं तासचे तास शांतता असते.

ही उणीव कॅमेऱ्यानें भरून काढली. पाण्याखालीं जलाभेद्य पेटींत कॅमेरा व त्याच्यासमोर एकसारखा उजळलेला पडदा ठेवतात. मधून जाणाऱ्या बुडबुड्याची कडा काळी व रेखीव उमटते. त्याच पाण्यांत ठाऊक लांबीची पट्टी धरून आधीं तिचें चित्र घेतात. कारण पाण्यांतील वस्तु आहे त्याहून मोठी भासते. येथें थोडीहि चूक महागांत पडते. ४ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत सुमारे ३३ घनमिलिमीटर वायु मावतो, तर ५ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत सुमारे ६५. म्हणजे एका मिलिमीटरच्या फरकानें हिशेब जवळजवळ दुप्पट होतो! शिवाय मोठे बुडबुडे चेंडूसारखे गोल न राहतां चपटतात. म्हणून कांहीं ठिकाणीं काटकोनांत दोन कॅमेरे लावावे लागतात.

प्रकाशाची नीट योजना आणि चित्रांचा समान ठेका, हें या युक्तीचें मर्म. कोल्हापूरला तें अपरिचित नाहीं. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून आनंदराव व बाबूराव पेंटर यांना कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास लागला. १९१६ मध्यें आनंदराव वारले. तरीहि बाबूरावांनीं शिष्य दामले यांच्या साहाय्यानें १९१८ त तो सिद्ध केला. १९२० त ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. १९२३ च्या ‘सिंहगडां’त रात्रीच्या देखाव्यांसाठीं कृत्रिम दिवे वापरले गेले. मूकपटांच्या त्या काळांत कॅमेऱ्याची दांडी हातानें फिरवून सेकंदाला सुमारे १६ चित्रें घेत. सेकंदाला २४ सेंटिमीटर चढणारा बुडबुडा अशा दोन चित्रांच्या दरम्यान दीड सेंटिमीटर वर सरकेल. ठेका चुकला, तर वेगाचें गणितहि चुकेल.

एवढा खटाटोप कशासाठीं? शंभर वर्षांच्या हिशेबानें मिथेन हा वजनास वजन कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे २८ पट उष्णता रोखून धरतो. खोल पाण्यांत बुडबुड्यांतील बराचसा वायु वाटेंतच विरघळतो. उथळ तळ्यांतला बहुतेक थेट हवेंत जातो. आणि तळाशीं गाळ जितका सकस, तितके बुडबुडे अधिक.

शहरांतील नाल्यांचें सांडपाणी कित्येक वर्षें रंकाळ्यांत मिसळत राहिलें. पाणी हिरवें पडलें, जलपर्णी माजली. पुढें केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेंत त्याचा समावेश झाला. पृष्ठभागावरची जलपर्णी काढली, कीं तळें स्वच्छ दिसूं लागतें. गाळ मात्र खालींच राहतो. नगरानें पाण्यांत काय काय टाकलें, याची नोंद त्या गाळांत असते, आणि बुडबुडा ती थोडीथोडी वर आणून देतो. ती वाचणारा डोळा तळाशीं ठेवला, तर तळें खरोखर सुधारलें कीं केवळ झांकलें गेलें, हें कोणाच्या ग्वाहीवांचून कळेल.