जाते, गिरणी आणि संगणकाचा पडदा

मुंबईच्या उपनगरांत घरोघरी संगणक आला तो मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली. थोड्याच दिवसांत त्यावर सिनेमा दिसू लागला आणि वाद सुरू झाला : चित्र नीट दिसायला वेगवान प्रोसेसर घ्यावा की वेगळे कार्ड? बोरिवलीत आमच्या इमारतीत हा वाद मी तीनदा ऐकला. तिन्ही वेळा उत्तर वेगळे निघाले.

चित्रफीत नेहमी दाबून, लहान करून साठवलेली असते. त्यामागचे एक मूलभूत गणित १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडले. दाबलेले चित्र पुन्हा उलगडणे म्हणजे डीकोडिंग. जात्यावर दळणारा माणूस कोणतेही धान्य दळतो, दुसरी कामेही करतो, पण दमतो. गिरणी फक्त दळते, पण झटपट. प्रोसेसरवर चालणारे सॉफ्टवेअर म्हणजे तो माणूस आणि डीकोडर चिप म्हणजे गिरणी.

पहिली फेरी व्हीसीडीची. तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, तरी जुन्या प्रोसेसरची दमछाक होई. मग लोक ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एमपेग कार्ड शोधत. १९९७ मध्ये एमएमएक्स पेंटियम आला आणि निव्वळ सॉफ्टवेअरवर काम भागू लागले. कार्डे माळ्यावर गेली.

दुसरी फेरी हाय डेफिनिशनची. १९२० बाय १०८० म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजारांवर ठिपके, व्हीसीडीच्या विसपट. त्यात २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत चित्र अधिक दाबते, म्हणून उलगडणेही अवघड. आवाज पुढे जाई, चित्र अडून बसे. २००७ मध्ये एनव्हिडिया आणि एटीआय यांच्या काही ग्राफिक्स कार्डांत एच.२६४ ची गिरणीच बसवलेली आली. आमच्या शेजाऱ्यांनी संगणक भंगारात न काढता असे कार्ड घातले. तो आणखी काही वर्षे चालला. अट एकच : प्लेअरला ती चिप वापरता आली पाहिजे.

२०११ पासून इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्येच ही सोय आली. वाद मिटला असे वाटले. पण २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मुलांचे धडे यूट्यूबवर आले आणि तिसरी फेरी सुरू झाली. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ पद्धतीने पाठवत होते. त्या जुन्या लॅपटॉपच्या गिरणीला हे धान्य ठाऊकच नव्हते. सगळा भार प्रोसेसरवर पडून पंखा घरघरू लागला. ज्या घरात दोन मुलांत एकच लॅपटॉप, तिथे नव्याचा खर्च पेलणार कसा? चित्राचा दर्जा १०८० वरून ४८० वर आणला आणि धडा सुरळीत दिसू लागला.

म्हणून चित्र अडखळले, की आधी एवढेच पाहावे : दळण कोण दळते आहे, माणूस की गिरणी? यंत्र बदलण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.