आरंभीचे शून्य

'१०' ही संगणकाच्या दृष्टीने केवळ दोन चिन्हांची माला होय. तिला पूर्णांकाचे मूल्य येते ते पाया ठरल्यावरच. दशमानात ते दहा, अष्टमानात आठ. पाया मालेतच सूचित करण्याची एक रीत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन ह्यांच्या 'बी' भाषेत आढळते: आरंभी शून्य असल्यास संख्या अष्टमान समजावी. 'बी' जन्मली त्या पीडीपी-७ यंत्राचा शब्द १८ बिटांचा, म्हणजे नेमका सहा अष्टमान अंकांचा. तेथे ही रीत स्वाभाविकच होती. 'सी' भाषेने ती उचलली.

परंतु माणसे महिना '०८' असा लिहितात तो रकाना भरण्यासाठी. १९९५ मध्ये अवतरलेल्या जावास्क्रिप्टची 'पार्सइंट' ही आज्ञा पाया न सांगितल्यास हे शून्य अष्टमानाची खूण मानू शके. मग '०७' चे सात होत, '०८' चे मात्र शून्य. कारण आठ हा अष्टमानातील अंकच नव्हे, आणि वाचन तेथेच थांबे. जुलैपर्यंत बिनचूक चाललेली आज्ञावली ऑगस्ट-सप्टेंबरात चुके व ऑक्टोबरात आपोआप सुधारे. असा दोष हुडकावा तरी कसा? १९९९ च्या प्रमाणकाने शिफारस दशमानाची केली, मुभा मात्र दोहोंची ठेवली. ही तडजोड दुबळीच म्हणावी लागेल. डिसेंबर २००९ मधील पाचव्या आवृत्तीने ती मुभा काढून घेतली. षोडशमानाची 'शून्य-एक्स' ही खूण तेवढी राहिली.