कात्रीने सांगितलेली गोष्ट

उडत्या घोड्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. खुंटी पिळली की घोडा आकाशात झेपावतो; खाली उतरायची खुंटी मात्र वर बसलेल्या राजपुत्राला ठाऊक नसते! कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’नी असल्या कथा मराठी माजघरात केव्हाच आणून सोडल्या. पण हाच घोडा १९२६ साली बर्लिनमध्ये पडद्यावर उडाला, आणि तो उडविला एका बाईने, कात्रीच्या बळावर, हे थोड्यांनाच माहीत असेल.

लोटे रायनिगर ही १८९९ साली बर्लिनला जन्मलेली मुलगी. काळा कागद कापून आकृती करण्याचा तिला विलक्षण नाद. हातातली कात्री स्थिर धरायची नि कागदच फिरवीत न्यायचा, ही तिची रीत. पॉल वेगेनर या नटाने १९१८ साली हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावर मूकपट काढला, तेव्हा खरे उंदीर काही केल्या ऐकेनात! अखेर लाकडी उंदीर करून ते तसूतसूने पुढे सरकविण्याचे काम या पोरीकडे आले.

पुढे १९२३ साली जर्मनीत चलनाची धूळधाण उडाली. लुई हागेन नावाच्या पेढीवाल्याने पैसा मातीमोल होण्याच्या धास्तीने कोऱ्या फिल्मचा साठा घेऊन ठेवला होता. तो त्याने लोटेच्या स्वाधीन केला. पॉट्सडॅमला त्याच्या मोटारखान्यावरच्या माळ्यावर ‘राजपुत्र अचमेदची साहसे’ हा चित्रपट सुरू झाला. अचमेद म्हणजे आपला अहमदच!

पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या बाहुल्या परक्या वाटणार नाहीत. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून हात, पाय, मान वेगवेगळी करायची व तारेने सांध्यांत जोडायची. बाहुली काचेच्या मेजावर निजवायची; दिवा खाली, कॅमेरा वर. हात केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचे. पुन्हा केसभर, पुन्हा एक. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी सुमारे २४ चित्रे लागत. राजपुत्राने नुसते मान वळवून पाहायचे म्हटले, तरी वेळ जाई. यजमान कार्ल कोख कॅमेऱ्यापाशी असत. जादूचे चमत्कार वाल्टर रुटमान याचे आणि समुद्राच्या लाटा बेर्टोल्ड बार्टोश याच्या. तासाभराहून थोड्या अधिक वेळाच्या या चित्रपटाने तीन वर्षे खाल्ली. डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ यायला अजून अकरा वर्षे होती.

गंमत अशी की, यातला उडता घोडा, परी बानू आणि अल्लाउद्दीन या तिन्ही गोष्टी फ्रेंच भाषांतरकार अंत्वान गालां याला कोणत्या जुन्या पोथीत सापडल्या नव्हत्या. १७०९ साली पॅरिसमध्ये हान्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणाने त्या त्याला तोंडी सांगितल्या. गालांच्या छापील ग्रंथात या बिचाऱ्याचे नावही नाही. ते राहिले त्याच्या रोजनिशीत. सांगणाऱ्याचे नाव गळते आणि गोष्ट पुढे जाते, हा लोककथेचा जुनाच अन्याय म्हणायचा!

लोटेच्या चित्रपटावरही काहीसा असाच प्रसंग आला. नाझी सत्तेवर आल्यावर तिने व कोखने देश सोडला. पण कुठेच कायमचे राहू देईनात. कधी पॅरिस, कधी लंडन, कधी रोम, असा बिऱ्हाड पाठीवर घेतलेला संसार! १९४९ साली ती लंडनला स्थिरावली. तिथे तिच्या परीकथांचे छोटे चित्रपट काढायला पुढे आला तो त्याच पेढीवाल्याचा मुलगा, ज्यू म्हणून कोवळ्या वयात छळछावणी भोगून आलेला. त्या माळेतल्या ‘शूर शिंप्या’ला १९५५ साली व्हेनिसला पारितोषिक मिळाले.

‘अचमेद’ची मूळ निगेटिव्ह मात्र बर्लिनच्या लढाईत १९४५ साली नष्ट झाली. उरल्या त्या परदेशी गेलेल्या प्रती. लोटे १९८१ साली वारली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९९ साली, लंडनला जपून ठेवलेल्या अशाच एका प्रतीवरून चित्रपट पुन्हा जुळविण्यात आला. पूर्वीचे निळे, पिवळे, हिरवे रंग त्यावर परत चढले, आणि घोडा पुन्हा उडाला.