वळिवड्याचं पोलिश गाव

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात वळिवडे स्टेशन लागतं. करवीर तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश माणसं राहत होती. त्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. ही हकिकत कोल्हापुरात बहुतेक एकाच पद्धतीनं सांगितली जाते: हिटलरच्या छळातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांना कोल्हापूरच्या छत्रपतींनी आसरा दिला. या वाक्याचे दोन्ही भाग दुरुस्त करायला हवेत. ही माणसं हिटलरच्या नव्हे, स्टालिनच्या तावडीतून सुटली होती. आणि त्यांना इथे आणण्याचा निर्णय कोल्हापूरच्या राजवाड्यात झालेला नव्हता. एवढी दुरुस्ती केली तर कोल्हापूरच्या वाट्याला काही उरत नाही, अशी भीती वाटू शकते. मला नेमकं उलट वाटतं. दातृत्वाची गोष्ट बाजूला ठेवली की वळिवड्याचा खरा इतिहास दिसू लागतो. रेल्वे, नदी, बाजारपेठ आणि स्वतःचं गाव स्वतः उभं करणारी परकी माणसं यांचा तो इतिहास आहे, आणि कोल्हापूरच्या स्थानिक इतिहासात त्याला पाहुण्यांच्या किश्श्याहून मोठी जागा मिळायला हवी.

सुरुवात पोलंडच्या पूर्व सीमेवर होते. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला हे सर्वांना ठाऊक असतं; 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या हे सहसा सांगितलं जात नाही. ल्वूव, विल्नो, वोलिन, पोलेसिए हा सारा पट्टा सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी 1940 पासून जून 1941 पर्यंत चार मोठ्या लाटांमध्ये तिथल्या कुटुंबांना रात्री-अपरात्री घराबाहेर काढून मालगाड्यांत भरलं गेलं आणि सायबेरिया, कझाकस्तान, उत्तर रशियातल्या जंगलतोडीच्या वसाहतींकडे रवाना करण्यात आलं. जून 1941 मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावरच चढाई केली आणि चित्र पालटलं. 30 जुलै 1941 च्या करारानं लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को एकत्र आले, कैद्यांना मुक्तता मिळाली आणि जनरल आन्देर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश फौज उभी राहू लागली. 1942 मध्ये ही फौज कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली, तेव्हा तिच्याबरोबर हजारो नागरिकही बाहेर पडले. उपासमार आणि टायफसनं खंगलेल्या या माणसांना इराणमध्ये कायम ठेवणं शक्य नव्हतं. मग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, पॅलेस्टाइन आणि हिंदुस्थान अशी त्यांची पांगापांग झाली. वळिवडे हा या जगभर पसरलेल्या जाळ्यातला एक बिंदू होता.

आता राजवाड्याकडे वळू. छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर 1940 मध्ये वारले. 1943 मध्ये गादीवर होते ते दत्तक घेतलेले बालराजे शिवाजी, आणि 1946 मध्ये बालवयातच त्यांचं निधन झालं. म्हणजे पोलिश वसाहत उभारली गेली तेव्हा संस्थानाचा कारभार पालकमंडळाच्या हातात होता आणि दक्षिणी संस्थानांचा ब्रिटिश रेसिडेंट कोल्हापुरातच बसत होता. वसाहतीचे निर्णय दिल्लीतलं हिंदुस्थान सरकार, मुंबईतली पोलिश वकिलात आणि लंडनमधलं पोलिश सरकार यांच्या वाटाघाटीतून झाले. दिल्लीकडून या निर्वासितांचं काम कॅप्टन वेब हे अधिकारी पाहत. मुंबईत पोलंडचे महावाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि रेडक्रॉसच्या कामात बुडालेल्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का होत्या. खर्चाचा भार परागंदा पोलिश सरकारनं ब्रिटिशांकडून मिळालेल्या कर्जातून उचलला. एका राजानं स्वतः पुढाकार घेतल्याची गोष्ट खरीच घडली, पण ती काठियावाडात. नवानगरचे जाम साहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला अनाथ पोलिश मुलांना जागा दिली, आणि वॉर्सात आजही त्यांच्या नावाचा चौक आहे. बालाचडीची ही हकिकत आणि वळिवड्याची हकिकत लोकांच्या आठवणीत एकमेकींत मिसळून गेल्या असाव्यात.

यावर कोल्हापुरातून आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जमीन कोल्हापूर संस्थानाची होती. संस्थानानं आढेवेढे घेतले असते तर काम अडलं असतं. आणि परक्याला सामावून घेण्याची सवय या शहराला शाहू महाराजांच्या काळापासून आहे. 1901 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जातीजातींच्या वसतिगृहांची जी रांग इथे उभी राहिली, तिच्यामुळे बाहेरगावच्या मुलांचा राबता शहराच्या अंगवळणी पडला होता. हे सगळं मान्य. पण मग श्रेय नेमकं कुणाला द्यायचं? महायुद्धाच्या टंचाईत, धान्य, कापड आणि रॉकेल मापून मिळत असताना, जवळच्या शिवारात 5,000 परकी माणसं येऊन राहिली आणि पाच वर्षं सलोख्यात गेली. हे हुकूमनाम्यानं साधत नाही. ते श्रेय वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गडमुडशिंगी या आसपासच्या गावांतल्या आणि शहराच्या पेठांतल्या लोकांचं आहे. एकट्या दात्याच्या गोष्टीत हे लोक कुठेच दिसत नाहीत, म्हणून ती गोष्ट मला अपुरी वाटते.

वळिवडेच का, याचं उत्तर बरंचसं नकाशात आहे. बालाचडीत काही शे मुलं होती. इथे कुटुंबांसकट हजारोंना ठेवायचं होतं, तेही थंड प्रदेशातल्या, आजारांनी पोखरलेल्या लोकांना. मुंबई किंवा कराचीचा दमट उकाडा त्यांना सोसला नसता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आहे. इथला उन्हाळा कडक असला तरी रात्री निवतात. ज्यांची छाती कमकुवत होती त्यांच्यासाठी पाचगणीची हवा आवाक्यात होती, आणि तिथे पोलिश रुग्णांची व मुलांची सोय झालीही. पाण्याला पंचगंगा जवळ होती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीहून निघालेली ही नदी शहराला वळसा घालून पूर्वेकडे कृष्णेला भेटायला जाते, आणि वळिवड्याचं शिवार तिच्या वाटेवर आहे. सगळ्यांत महत्त्वाची रेल्वे. 1891 मध्ये सुरू झालेला कोल्हापूर-मिरज फाटा मुळात संस्थानाच्या व्यापारासाठी होता. 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळ बाजाराचा माल त्यावरून बाहेर जाई. त्याच रुळांनी आजारी मुलं आणि ट्रंका शिवारापर्यंत पोचवल्या. हा मार्ग तेव्हा मीटर गेजचा होता, त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्यांना पुण्याला गाडी बदलावी लागे. तरी स्टेशनालगत मोकळी जमीन, नदी आणि भाजीपाला-दूध पुरवू शकणारी सुपीक काळी जमीन या तीन गोष्टी एकत्र मिळणं सोपं नव्हतं.

वसाहत ओळीने बांधलेल्या लांबलचक बराकींची होती: खाली दगडी जोतं, वर कौलं, भिंतींना बांबूचे तट्टे. प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबांना खोल्या दिल्या होत्या. इथे दुसरा आक्षेप पुढे येतो: ही सरकारी छावणी होती, तिला गाव कसं म्हणायचं? खर्च बाहेरून येत होता, जमीन स्वतःची नव्हती, शेती नव्हती, आणि कर्ते पुरुष तर जवळपास नव्हतेच. ते आन्देर्सच्या फौजेत होते. आक्षेपातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही गाव ओळखायचं ते तिथल्या माणसांनी पुढच्या दिवसांची तजवीक कशी केली यावरून, असं मी मानतो. या बायकांनी चर्च उभं केलं, लहानांच्या शाळेपासून माध्यमिक शाळेपर्यंत पोलिश माध्यमातून शिक्षण सुरू केलं, दवाखाना, वाचनालय, नाटकमंडळी, बालवीर पथकं चालवली, दुकानं थाटली. अंगणांत फुलझाडं आणि भाज्या लावल्या. सायबेरियात दोन वर्षं ज्या मुलांच्या हातात वही आली नव्हती ती इथे शालान्त परीक्षेपर्यंत गेली. नुसतं दिवस ढकलायचे असते तर एवढा खटाटोप कुणी केला नसता. पुरुषांच्या गैरहजेरीत कारभार चालवणाऱ्या बायकांचं गाव म्हणूनही वळिवड्याकडे पाहायला हवं. शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या या बहुतेक त्याच होत्या.

गाव म्हटलं की शेजार आला. भाजी, फळं, अंडी, दूध घेऊन आसपासचे विक्रेते वसाहतीत येत, आणि पोलिश कुटुंबं खरेदीला, सिनेमाला कोल्हापुरात जात. उमादेवी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वांदा दिनोव्स्का युद्धाच्या आधीपासून हिंदुस्थानात होत्या, गांधीजींच्या सहवासात आल्या होत्या. या देशाची ओळख पोलिश तरुणांना करून देण्याचं काम त्यांनी हौसेनं केलं. काही पोलिश मुलींनी इथल्या तरुणांशी लग्नं केली. पण शेजाराचं चित्र फार गोड रंगवू नये. 1943 हे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. ज्या सरकारनं पोलिश निर्वासितांसाठी बराकी बांधल्या, त्याच सरकारच्या राज्यात लाखो माणसं भुकेनं मेली, आणि 'छोडो भारत' आंदोलनातले कार्यकर्ते तुरुंगात होते. गोऱ्या निर्वासितांसाठी यंत्रणा हलली आणि बंगाली शेतकऱ्यासाठी हलली नाही, असा ठपका कुणी ठेवला तर तो खोडता येणार नाही. त्याचा दोष मात्र वसाहतीतल्या बायकांवर जात नाही. एका साम्राज्यानं त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि दुसऱ्या साम्राज्याच्या मर्जीवर त्या जगत होत्या.

पंचक्रोशीतल्या घरांशी त्यांचं एक नातं असंही होतं ज्याचा उल्लेख क्वचित होतो. मे 1944 मध्ये इटलीत मोन्ते कासिनो पडलं, 18 तारखेला पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर झेंडा लावला. त्याच ब्रिटिश आठव्या सैन्यात हिंदी डिव्हिजनही होत्या आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मध्ये आणि नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 मध्ये ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतलाच. पश्चिम महाराष्ट्रातलं गावोगावचं लष्करभरतीचं प्रमाण पाहता, इटलीच्या आघाडीवरून येणाऱ्या टपालाची वाट वळिवड्याच्या बराकीत पाहिली जात होती तशीच सातारा-कोल्हापूरच्या कौलारू घरांतही पाहिली जात होती.

युद्ध संपलं आणि या गावाचा आधारच निघाला. याल्टाच्या बैठकीनं फेब्रुवारी 1945 मध्ये पोलंडचा पूर्व पट्टा सोव्हिएत संघाकडे राहील असं ठरवलं. इथल्या बहुतेकांची मूळ गावं त्याच पट्ट्यातली. आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया यांत आहेत. जुलै 1945 मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टप्रधान सरकारला दिली. घरी परतायचं तर कुठे, हा प्रश्न उरला. 1946 मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्याला आली, पण वसाहतीचं व्यवस्थापन आता आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे जात होतं आणि ब्रिटिश हिंदुस्थान सोडायच्या तयारीत होते. ज्यांचे पुरुष पोलिश फौजेत होते त्यांना ब्रिटनमध्ये जाता आलं. काही पोलंडला परतले, काही पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतींकडे, काही ऑस्ट्रेलियाकडे गेले. 1948 च्या सुरुवातीला बराकी रिकाम्या झाल्या.

पाच वर्षांत संपलेल्या वस्तीनं मागे काय ठेवलं, हा शेवटचा आक्षेप. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरी आणि महावीर उद्यानाजवळचा स्मृतिस्तंभ हे एक उत्तर. इथे वाढलेल्यांनी पुढे संघटना काढल्या, आठवणी लिहिल्या, म्हातारपणी पुन्हा येऊन गेले. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक उभं राहिलं आणि 21 ऑगस्ट 2024 रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. पण माझ्या मते मोठा वारसा खुद्द जमिनीवर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना राहायला जागा हवी होती, आणि वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत ती तयार होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, तसं इथे गांधीनगर झालं. पोलिश कुटुंबांसाठी जे सोयीचं होतं तेच सिंधी व्यापाऱ्यांच्याही कामी आलं: दाराशी रेल्वे, शेजारी कोल्हापूरची पेठ, पलीकडे कर्नाटकाचा बाजार. पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले दुकानदार ज्या गांधीनगरातून घाऊक कापड भरतात, ते याच बराकींच्या जागेवर वाढलं आहे.